गिऱ्हाइकांनी वाचून दाखवलेले पुस्तक

फोसुआच्या दुकानात पुस्तक वाचले जाई ते गिऱ्हाइकांच्या तोंडून. कारण त्या दुकानात रिकामे हात असत ते फक्त गिऱ्हाइकांचे. बारीक वेण्या घालायच्या म्हटल्या की सकाळी खुर्चीत बसलेली बाई दुपार कलली तरी उठत नसे. तिच्या डोक्यावर दोन्ही बाजूंनी दोघींची बोटे चालत आणि मांडीवर पुस्तक असे. ती इंग्रजीतला एक परिच्छेद वाची, मग त्याचा अर्थ तिथल्या ट्वी भाषेत सांगे. फोसुआ पेड न सोडता ऐके. समजले नाही तर वेणी किंचित ओढून म्हणे, "पुन्हा सांग."

आणि पुस्तक कशाविषयीचे? तर फोनवर दुकान मांडून गिऱ्हाईक कसे जोडावे, याविषयीचे. ज्यांना जोडायचे त्यांच्याकडूनच ती विद्या शिकून घ्यायची, यात काही विपरीत आहे असे पुष्कळ दिवस कोणाच्या मनातही आले नाही.

फोसुआ मूळची माम्पोंगकडच्या एका खेड्यातली. सहावीनंतर शाळा सुटली, तेव्हा आईने रीतीप्रमाणे दारूची बाटली आणि शिकवणीचे पैसे पुढे ठेवून तिला कुमासी शहरातल्या एका केस करणाऱ्या बाईच्या हवाली केले. पहिले वर्ष दुकान झाडण्यात आणि मालकिणीचे मूल पाठीला बांधून हिंडण्यात गेले. हातात कंगवा आला तो त्यानंतर. शिकवणी पुरी झाल्याच्या दिवशी बरोबरीच्या मुलींनी तिच्या मानेवर, खांद्यांवर पांढरी पावडर उधळली आणि ती तशीच, न झटकता, बाजारपेठेतून घरापर्यंत चालत गेली. पुढे लग्न झाले. नवऱ्याने ओबुआसीला खाणीवर दुसरा संसार थाटला. फोसुआने शहराच्या अयिग्या भागात, विद्यापीठाच्या कुंपणाजवळ, निळ्या रंगाची लाकडी टपरी घेतली. टपरीचे दुकान झाले. तिच्या हाताखालून बाहेर पडलेल्या मुली आज शहरभर आहेत. तिच्याविषयी लोक दोन गोष्टी सांगत: तिच्या वेण्या दुखत नाहीत, आणि तिच्या दुकानात ऐकलेले बाहेर जात नाही. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड आहे, हे केस करून घेणाऱ्या कोणत्याही बाईला विचारावे.

मग विद्यार्थिनी फोनवरून तयार विग मागवू लागल्या. वेण्यांसाठी रांग लावणाऱ्या मुली आता विग धुवून घेण्यापुरत्या येत. फोसुआने कोणाला शिव्याशाप दिले नाहीत. विग तिलाही करता येत होते, आणि बाहेरून येणाऱ्यांपेक्षा चांगले. बाजार जागा बदलतो आहे आणि नव्या जागेची वाट आपल्याला ठाऊक नाही, एवढेच तिने मनाशी धरले. तिच्याकडे येणाऱ्यांत मिस न्यार्को नावाची विद्यापीठात व्यापार शिकवणारी तरुण बाई होती. तिला फोसुआने एके दिवशी सरळ विचारले, "मिस, ह्या फोनवरच्या बाजाराचं शिक्षण कुठे मिळतं?"

"पुस्तकात. दुसरं कुठे?"

"कोणत्या? पुस्तकं तर फुटपाथवर ढिगानं पडलेली असतात. प्रत्येकावर एक हसणारा गोरा."

मिस न्यार्को हसली. पुढच्या खेपेला तिने स्वतःची तीन पुस्तके आणून खुर्चीवर ठेवली.

"ह्याच क्रमानं वाचा, मादाम फोसुआ. हे जाडं पहिलं. आपलं गिऱ्हाईक कोण, त्याला काय हवंय, आणि आपण त्याचं काय देणं लागतो, हे त्यात आहे. कंटाळवाणं आहे, पण पाया आहे. दुसरं दुकान मांडण्याचं: फोटो, भाव, माल पोचवणं, परत आलेला माल घेणं. आणि हे बारकं सगळ्यात शेवटी. वाचणाऱ्याचा हात आपोआप पाकिटाकडे जाईल असं कसं लिहावं, ते ह्यात आहे."

"शेवटी का? बारकं आहे ना?"

"गोड आहे म्हणून. माझ्या वर्गाला मी हे आधी दिलं तर उरलेली दोन कोणी उघडत नाही."

सल्ला चोख होता. पण तो पाळायला वाचणाऱ्याचे पुस्तकावर राज्य हवे. फोसुआच्या दुकानात राज्य खुर्चीत बसलेल्या बाईचे. जाड्या पुस्तकाची पाच-सात पाने झाली की वाचणारी जांभई देई, ते खाली ठेवी आणि बारके उचली. मागची बाई जिथे थांबली तिथून पुढे वाचायलाही कोणी राजी नसे. "दुसरीचं उष्टं मी का वाचू?" असे म्हणून प्रत्येक जण नवे प्रकरण उघडी, आणि वेणी संपली की प्रकरण अर्धे टाकून उठे. फोसुआला हे दिसत होते. पण फुकट वाचणाऱ्याला शिस्त कोणत्या तोंडाने लावायची?

शिवाय वाचनाला रंगही चढे. नरसाळ्याचे प्रकरण वाचले गेले तो दिवस दुकानात पुष्कळ दिवस आठवला जाई. वाचणारी विद्यार्थिनी अर्थ सांगत होती, "लेखक म्हणतो, गिऱ्हाइकांचा प्रवास नरसाळ्यासारखा असतो. रुंद तोंडात खूप जणांना ओता, खाली थोडे उतरतात."

"ओता?" शेजारच्या खुर्चीतली बाई म्हणाली, "आम्ही काय पामतेल आहोत?"

"तू कसली पामतेल! तू वरच्या वर तवंग धरून राहशील. भाव करशील आणि निघून जाशील."

"आणि तू सांडशील!"

"गप्प बसा गं," फोसुआ म्हणाली, "डोकं हललं की भांग वाकडा होतो. पुढे काय म्हणतो तो?"

"म्हणतो, गिऱ्हाईक वस्तू विकत घेत नाही. स्वतःच्या दुःखातून सुटका विकत घेतं. म्हणून आधी त्याच्या दुःखावर बोट ठेवा."

हसणे जरा ओसरले. मग कोणीतरी म्हणाले, "ह्याची बायको कशी नांदत असेल याच्याकडे?" आणि दुकान पुन्हा खिदळले.

या सगळ्यांत उत्तम वाचणारी होती टीचर बोआटेमा. ती शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली आणि मेथडिस्ट चर्चच्या महिला मंडळाची प्रमुख होती. पण ती दुकान उघडे असताना कधी येत नसे. आजारपणानंतर तिचे केस गोल चट्ट्यांनी गळाले होते आणि परत उगवले नव्हते. दर सोमवारी, दुकान बंद असे तेव्हा, ती मागच्या दाराने येई. फोसुआ उरलेल्या केसांत नवे केस अशा हाताने गुंफी की रविवारी चर्चमध्ये टीचरच्या मागच्या बाकावर बसणाऱ्या बायकांनाही संशय येत नसे. त्यांना दिसे ती टीचरची मान. तिच्या मानेवर सौंदर्याच्या म्हणून वाखाणलेल्या तीन ठळक वळ्या होत्या, आणि तरुण मुली आजही म्हणत, "मान असावी तर टीचरसारखी." डोक्याची मागची बाजू स्वतःला दिसत नाही, म्हणून फोसुआ दर खेपेला फोनवर फोटो काढून तिला दाखवी: आधी असे, आता असे. ते फोटो दोघींखेरीज कोणी पाहिले नव्हते. वर्षानुवर्षांच्या त्या सोमवारांनी मालकीण आणि गिऱ्हाईक यांच्या मैत्रिणी झाल्या होत्या. पण फोसुआ तिला 'अहो टीचर' म्हणायची थांबली नाही.

अशाच एका सोमवारी टीचरने बारक्या पुस्तकातले एक प्रकरण उघडले आणि शाळेतल्या आवाजात अर्थ सांगू लागली, "हा म्हणतो, शंभर गिऱ्हाइकांची स्तुती छापू नका. एकाच माणसाची गोष्ट सांगा. आधी ते कसं पिचलेलं होतं, मग तुमच्याकडे आलं, आता कसं उजळलंय. दोन्ही चित्रं शेजारी ठेवा. नाव नको, पण एखादी खरी खूण द्या. खऱ्या खुणेशिवाय लोक गोष्टीवर विश्वास ठेवत नाहीत."

"बरोबर आहे का हे, टीचर?"

"अगदी बरोबर. चर्चमध्ये लोक उभे राहून साक्ष देतात, तेव्हा आपले डोळे का भरून येतात? एका माणसाची गोष्ट असते म्हणून. करून बघ. तुझ्या कामाची गोष्ट कोणीतरी सांगायलाच हवी."

तेवढ्यात शेवटची गाठ बसली. टीचरने आरसा घेतला, मान वळवून पाहिली, पुस्तक मिटले आणि डोक्यावरून वस्त्र घेऊन मागच्या दाराने गेली. प्रकरणाची शेवटची पाने राहिली. दुसऱ्या दिवशी आलेल्या बाईने रिवाजाप्रमाणे पुढचे प्रकरण उघडले.

फोसुआच्या मनात जे झाले ते समजून घ्यायला तिचे बालपण कोठे गेले ते ध्यानात घ्यावे लागते. तिच्या खेड्यात मुखियासमोर कोणी थेट बोलत नाही. शब्द मधल्या प्रवक्त्याच्या तोंडून जातो, आणि त्याच्या तोंडून निघाला की तो सभेने मान्य केलेला शब्द ठरतो. टीचरने प्रकरण स्वतःच्या तोंडाने सांगितले होते आणि वर 'करून बघ' म्हटले होते. कोणाची गोष्ट, हे टीचरने उच्चारले नव्हते. पण त्या खुर्चीत बसून, त्या केसांनिशी, ती आणखी कोणाची गोष्ट सुचवणार? न उच्चारता दिलेली संमती ही मोठ्या माणसांची रीतच असते, असे फोसुआने धरले. विचारले असते तर एका वाक्यात उलगडा झाला असता. विचारणे तिला उद्धटपणाचे वाटले.

चेहरा नसलेले दोन फोटो तिने निवडले. तिच्या हाताखाली पोकुआ होती. शिकवणी संपूनही ती दुकानात राहिली होती आणि फोनचा सारा व्यवहार पाहत होती. तिने मजकूर लिहिला: एक शिक्षिका, आयुष्यभर पोरांसमोर ताठ उभी राहिलेली, आरशासमोर मात्र मान खाली घालणारी. पुस्तकाने सांगितलेली खरी खूण द्यायची म्हणून 'शिक्षिका' हा शब्द. फोटोत चेहरा नव्हता. पण मान होती.

पोकुआने ते फोनवर लावले आणि गोष्ट वणव्यासारखी पसरली. आक्रातून, ताकोराडीतून, सातासमुद्रापलीकडे गेलेल्या बायकांकडून मागण्या येऊ लागल्या. पोकुआ फोन हातात घेऊन नाचायची बाकी राहिली. "मादाम, पुस्तकवाला देवमाणूस आहे! बघा, ही म्हणते, त्या टीचरसारखेच केस हवेत." बंद पडू पाहणारे दुकान उजळले. केस धुणाऱ्या, गुंफणाऱ्या मुलींना पुन्हा दिवसभराचे काम मिळाले. आणि त्या सगळ्या कौतुकाच्या खाली, चर्चच्या गायनमंडळातल्या एका मुलीने निरागसपणे लिहिले होते: 'ही मान तर आमच्या बोआटेमा टीचरची! देव तुम्हाला बरं करो.'

तो रविवार टीचरने कसा काढला, हे फोसुआला नंतर इतरांकडून कळले. उपासना संपल्यावर बायकांनी तिचे हात धरले, डोळे पुसले. कोणी कानात विचारले, दुखणे कोणते? मंडळाने तिच्यासाठी वर्गणी काढण्याची सूचनाही मांडली, आणि प्रमुख म्हणून ती सूचना सभेला वाचून दाखवण्याची पाळी तिच्यावरच आली.

सोमवारी फोसुआने मागचे दार उघडे ठेवले. टीचर आली नाही. ती आली त्याच आठवड्यात, भर गर्दीच्या वेळी, पुढच्या दाराने. डोक्याला घट्ट वस्त्र बांधले होते. खुर्च्यांतल्या बायकांनी माना वळवल्या.

"टीचर, आत बसू या," फोसुआ म्हणाली.

"आत कशाला? मला आता आत-बाहेर असं काही उरलंय का?"

"चेहरा नव्हता त्यात... मी नीट पाहिलं होतं."

"चेहरा नव्हता! फोसुआ, तू शंभर घरांतल्या डोक्यांना पाठीमागून ओळखतेस, आणि बाकीच्या जगाला डोळे नाहीत असं तुला वाटलं?"

फोसुआ म्हणाली, "तुम्हीच वाचलंत ते, टीचर. तुमच्याच तोंडून आलं. करून बघ म्हणालात. मला वाटलं, तुम्ही तुमचंच सांगताय."

हे टीचरने कल्पिले नव्हते. मग तिने वर्गात फळ्यावर लिहावे तसे एकेक शब्द सुटा करून सांगितले, "प्रवक्ता निरोप पोचवतो. निरोप त्याचा होत नाही. आणि साक्ष... साक्ष ज्याची त्यानंच उभं राहून द्यायची असते. चर्चमध्ये कोणी शेजारणीची साक्ष दिलेली कधी ऐकलीस?"

"नाही."

"तुझ्या त्या गोष्टीत मी कोण आहे, ठाऊक आहे? मुख्याध्यापिका नाही, मंडळाची प्रमुख नाही. मी तुझ्या कामाच्या आधीचं चित्र आहे."

ती गेली. मग अर्ध्या वेणीची एक मुलगी उठली, "मादाम, उरलेलं उद्या करते," म्हणाली आणि मांडीवरचे पुस्तक खुर्चीवर पालथे ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. फोसुआला तिचा राग आला नाही. आपल्या डोक्याचे फोटो ह्या बाईच्या फोनमध्ये किती असतील, असा हिशेब त्या दुपारी प्रत्येक जणीने मनात केला होता.

फोसुआने पोकुआला गोष्ट काढून टाकायला सांगितले.

"मादाम, काढली तर मागण्या आटतील."

"आटू देत."

"आणि काढून उपयोग काय? लोकांनी उचलून कुठे कुठे लावलीय. त्यांच्याकडून कशी काढणार?"

"आपल्याकडून तरी काढ."

पोकुआने काढली. मग तिला काय वाटले कोणास ठाऊक, तिने ते प्रकरण शोधून राहिलेली पाने वाचायला घेतली, आणि एकदम ओरडली, "मादाम, इथे आहे! 'ज्याची गोष्ट सांगायची त्याला ती आधी दाखवा आणि त्याची लेखी परवानगी घ्या. नाही म्हणाला तर विषय सोडा.' शेवटच्याच पानावर! म्हणजे पुस्तकाची चूक नाही. आपण मध्येच थांबलो, एवढंच."

पोकुआला हायसे वाटले होते. फोसुआ कंगव्यात अडकलेले केस काढीत राहिली.

"आणि पुस्तकात हे नसतं तर?" ती म्हणाली.

त्या प्रश्नाने फोसुआला त्यानंतर स्वस्थ बसू दिले नाही. ज्या गोष्टीसाठी लोक तिच्यावर विसंबत आले होते, ती तिला कोणत्याही पानाने शिकवली नव्हती. ती तिच्याजवळ आधीपासून होती. मग शिकता शिकता ती कुठे गेली? नव्या विद्येसमोर आपण इतके लहान झालो की जवळचे शहाणपण अडाण्याचे म्हणून बाजूला ठेवले, हे तिला स्पष्ट दिसू लागले. पुस्तकांवर तिचा राग नव्हता. मिस न्यार्कोने त्यानंतर एकदा ओशाळून ती परत मागितली, तेव्हा फोसुआ म्हणाली, "राहू द्या, मिस. जाडं अजून वाचायचंय."

तिथल्या रीतीत क्षमा मागायला एकट्याने जाता येत नाही. फोसुआने दुफी आजीला गाठले. म्हातारी टीचरच्या आईच्या ओळखीची, दोन्ही घरांत मान असलेली होती.

"बाटली आणलीस का?" दुफी आजीने विचारले.

"आणलीय."

"मग तिथे तोंड मिटून बस. बोलणारी मी. तू बोलून काय दिवे लावलेस ते गावानं पाहिलंय."

टीचरच्या ओसरीत तिघी बसल्या. पाणी दिले गेले. टीचरचे वस्त्र तसेच घट्ट बांधलेले होते. दुफी आजीने रीतीचे शब्द उच्चारले: मूल चुकले आहे, मूल म्हणते मी आंधळी झाले होते, मूल तुमच्या पायांशी आहे. फोसुआने पन्नाशीतले गुडघे टेकले. टीचर आणि ती हाताच्या अंतरावर होत्या, तरी टीचर म्हाताऱ्या बाईकडे पाहूनच बोलली.

"आजी, तिला सांगा, मी ऐकलं. तुम्ही आलात, तुमचा मान मोडणार नाही. बाटली मी घेते. क्षमा दिली."

"क्षमा दिली," दुफी आजीने फोसुआला सांगितले.

"आणि सांगा, माझीही एक चूक आहे. मी पुस्तक वाचून शहाणपण शिकवलं आणि कोणाची गोष्ट सांगणार हे विचारलं नाही. वर्गात एखाद्या पोरानं असं अर्धं सोडलं असतं तर मी त्याला उभं केलं असतं."

तेही सांगितले गेले. फोसुआला मात्र राहवले नाही. "आजी, तिला विचारा, सोमवारी... दार उघडं ठेवू का?"

दुफी आजीने डोळे वटारले, पण विचारले. टीचर ओसरीबाहेर पाहून बोलली. अंगणात कोंबड्या उकरत होत्या.

"तिला सांगा, क्षमा ही तिला द्यायची होती, दिली. डोकं हाती देणं निराळं. ते मी ठरवून होत नाही. हात लागला की अंग चोरलं जाईल. तिलाही कळेल, मलाही कळेल. मग दोघी गप्प बसून नाटक करू. ते मला नको."

दुफी आजीने एक शब्दही न गाळता ते पोचवले. फोसुआने मान हलवली.

निघताना टीचर उठली. पाहुण्याला निरोप द्यायचा तर घरधन्याने थोडे अंतर बरोबर चालावे लागते. पूर्वी फोसुआ कधी या घरी आली की टीचर बोलत बोलत थेट मोठ्या रस्त्यापर्यंत येई आणि तिथेही टॅक्सी सोडून देत गप्पा चालत. आज ती अंगणातून चालली, फाटकाशी आली, फाटक उघडून धरले आणि थांबली. दोघी बाहेर पडल्या. कडी लागल्याचा आवाज आला.

थोडे पुढे गेल्यावर दुफी आजी म्हणाली, "फाटकापर्यंत आली. ओसरीतूनही हात हलवता आला असता."

फोसुआ म्हातारीच्या चालीला चाल मिळवून रस्त्याकडे चालत राहिली.